खंड ४१, खंड ४२: केंब्रिजमधले कोसंबी

पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा. पेपर लिहून होत आला की लॅबमध्ये कुजबुज सुरू होते ती निष्कर्षांबद्दल नाही, नावांच्या क्रमाबद्दल. पहिलं नाव कोणाचं, शेवटचं कोणाचं, आणि ज्यानं सहा महिने यंत्रापुढे बसून आकडे काढले तो लेखकांच्या यादीत येणार की शेवटी आभाराच्या परिच्छेदात जाणार? एरवी मी इथे कापडाच्या रंगांचं सांडपाणी आणि ते साफ करायच्या पद्धती यावर लिहिते. भिवंडीत राहून दुसरं काय सुचणार! पण आज थोडा इतिहास. परदेशातल्या एका शांत विद्यापीठी गावात चार वेळा जाऊन राहिलेल्या एका मराठी पंडिताचा, आणि ज्या पुस्तकासाठी तो गेला त्याच्या पहिल्या पानाचा.

धर्मानंद कोसंबी. गणित किंवा इतिहासवाल्यांना डी. डी. कोसंबी माहीत असतात, हे त्यांचे वडील. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. शाळा जेमतेम, पदवी कसलीच नाही. बुद्धाबद्दल वाचलं आणि त्या वाचनानं असं झपाटलं की १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडलं. आधी पुणे, मग ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, आणि १९०२ मध्ये सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका. तिथल्या विद्योदय परिवेणात ते अखेर पाली शिकले.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. आमच्या भिवंडी तालुक्यात लोनाडची बौद्ध लेणी आहेत. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्याच सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप खोदून काढला. म्हणजे बुद्ध आमच्या पायाखालच्या मातीत होता, पण त्याच्या धर्माचे ग्रंथ वाचायला शिकवणारा माणूस इथे नव्हता. कोसंबींना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला.

परत आल्यावर कलकत्त्याला शिकवण्याचं काम मिळालं. पण त्यांना महाराष्ट्रात काम करायचं होतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्ता सोडलं. याच सुमारास हार्वर्डचे जेम्स वुड्स भारतात आले होते, त्यांची आणि कोसंबींची गाठ पडली. त्यातून १९१० मध्ये बोलावणं आलं: केंब्रिजला या, ‘विसुद्धिमग्ग’ पूर्ण करायचं आहे.

केंब्रिज म्हणजे अमेरिकेतलं, बॉस्टनच्या पलीकडे चार्ल्स नदीच्या काठचं. झाडांच्या रांगा, लाकडी घरं, विटांचे फुटपाथ आणि प्राध्यापकांची वस्ती. जिथे रात्री तीन वाजता यंत्रमाग थांबले तर शांततेनं झोपमोड होते अशा शहरात मी राहते, त्यामुळे तसल्या गल्लीची कल्पना करायला मला जरा प्रयत्न करावा लागतो.

आता ‘विसुद्धिमग्ग’ म्हणजे काय आणि ते ‘पूर्ण करायचं’ म्हणजे काय? पाचव्या शतकात बुद्धघोष नावाचा आचार्य सिलोनमधल्या अनुराधपुरला गेला आणि तिथल्या महाविहारात त्यानं हा ग्रंथ रचला. शील, समाधी, प्रज्ञा या तीन पायऱ्यांवर २३ प्रकरणं. थेरवादी बौद्धांसाठी तो जवळजवळ ज्ञानकोश आहे. पण पालीला स्वतःची लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी, सयाममध्ये ख्मेर वळणाच्या लिपीत. ताडपत्रं शंभर-दोनशे वर्षांत झिजतात, म्हणून पुन्हापुन्हा नकला होतात आणि प्रत्येक नकलेत थोड्या चुका शिरतात. सिंहलीत ‘व’ आणि ‘च’ इतके सारखे दिसतात की दमलेल्या लेखनिकानं एकाच्या जागी दुसरा लिहिला तर नवल नाही. आणि एकदा चूक झाली की त्या पोथीवरून केलेल्या सगळ्या नकलांत ती उतरते.

म्हणजे संपादकाचं काम हे आमच्या कामासारखंच आहे. एकाच नमुन्याची पाच यंत्रांवर मोजणी केली, पाचही आकडे वेगळे आले, आता खरा कोणता? सरसकट सरासरी काढून चालत नाही. कोणतं यंत्र कशात चुकतं हे माहीत असावं लागतं. चार पोथ्यांत एक पाठ आणि एकीत दुसरा असेल तर चार म्हणतात तेच खरं असं नसतं, कारण त्या चारही एकाच चुकलेल्या पोथीच्या लेकी असू शकतात. शेवटचा निर्णय तोच देऊ शकतो ज्याला त्या वाक्याचा अर्थ आतून कळतो. कोसंबी हे असे होते. मठात राहून, गुरूसमोर बसून शिकलेले. हार्वर्डला नेमकं हेच हवं होतं.

पण काम कोरं नव्हतं. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानानं ते सुरू केलं होतं. लहानपणी पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे हा माणूस आयुष्यभर अधू राहिला आणि केंब्रिजमधल्या क्विन्सी स्ट्रीटवरच्या घरात बसून पाली वाचत राहिला. १८९६ मध्ये त्याचं पाली ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांचं पुस्तक आलं, ते आजही छापलं जातं. १८९९ मध्ये, म्हणजे कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी, वॉरन गेला. घर त्यानं हार्वर्डला दिलं, ते आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. ‘हार्वर्ड ओरिएंटल सीरिज’ ही ग्रंथमालाही त्याच्या पैशावर उभी राहिलेली, १८९१ पासून. तिचे संपादक चार्ल्स लॅनमन वॉरनचे गुरू आणि मित्र. मित्राचं अपुरं काम पुरं व्हावं ही लॅनमन यांची इच्छा होती.

आणि तिथेच ठिणगी पडली. श्रेय कोणाला आणि कोणत्या शब्दांत द्यायचं यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचं बिनसलं. १९१२ मध्ये काम अर्धवट टाकून कोसंबी परतले.

लॅनमनना खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते पूर्ण पटत नाही. मेलेल्या मित्राच्या नावाला धक्का लागू नये असं वाटण्यात गैर काय? पण दुसरी बाजू बघा. ज्याच्याकडे पदवी नाही, खुर्ची नाही, कसलं पाठबळ नाही, त्याच्याकडे असतं काय? पुस्तकावरचं नाव, एवढंच. लॅनमन हार्वर्डचे प्राध्यापक होतेच, पुस्तकावर नाव असो वा नसो. कोसंबींना मात्र त्या एका ओळीवर जगाला सांगायचं होतं की हे काम मी केलंय. ज्याचं नाव आधीच मोठं आहे त्याला श्रेयाचा प्रश्न बारीकसारीक वाटतो, हे मी एकविसाव्या शतकातल्या लॅबमध्येही पाहते.

या पहिल्या मुक्कामाची हकीकत त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे. ते १९२४ मध्ये निघालं, हकीकत मात्र १९१२ च्या आसपास थांबते. तिकडेच समाजवादी विचारांशी त्यांची जवळून ओळख झाली. परतल्यावर सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत हे पुढचे पालीचे अभ्यासक त्यांच्याच हाताखालचे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच, पण ते कुठल्याच मुखपृष्ठावर छापलेलं नाही.

१९१८ मध्ये पुन्हा केंब्रिज. यावेळी एकटे नव्हते. थोरली मुलगी माणिक, १९ वर्षांची, आणि दामोदर, ११ वर्षांचा. पत्नी बाळाबाई इकडेच राहिल्या.

हे वर्ष लक्षात घ्या. पहिलं महायुद्ध चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोत गदर पक्षाच्या लोकांवरचा खटला एप्रिलमध्ये नुकताच संपलाय, त्यामुळे अमेरिकेत हिंदी माणसाकडे संशयानं बघितलं जातंय. त्याच शरद ऋतूत बॉस्टनला इन्फ्लुएंझाची साथ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेब्रुवारी १९१७ चा कायदा. त्यानं आशियाच्या नकाशावर एक मोठा पट्टा आखला आणि त्यातून येणाऱ्यांना अमेरिकेचं दार बंद केलं. भारत त्या पट्ट्यात होता. पण कायद्यात अपवादांची यादी होती: सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, डॉक्टर, वकील, रसायनतज्ज्ञ (हो, आम्हीसुद्धा!), प्रवासी. आणि सोबत आलेली त्यांची १६ वर्षांखालची मुलं. कोसंबी कुटुंब त्या यादीत कुठे बसतं ते तुम्हीच बघा. वडील शिक्षक, मुलगी विद्यार्थिनी, मुलगा अकरा वर्षांचा. पंजाबातून लाकूड कापायला किंवा शेतात राबायला येणाऱ्याला जे दार बंद होतं, ते पालीच्या पंडिताला उघडं राहिलं. त्या शांत गल्लीत राहायला मिळणं हे असं होतं. व्यवसायाचा एक शब्द बदलला असता तर बोटीवरूनच परत.

मुलं मात्र तिथे रुळली. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली आणि पदवी घेतली. दामोदर एक वर्ष ग्रामर स्कूलमध्ये, मग १९२० पासून केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये. तो बॉय स्काउट झाला. हार्वर्डमध्ये स्लाव्हिक भाषा शिकवणाऱ्या लिओ वीनर यांच्याशी वडिलांचा परिचय होता. त्यांच्या मुलाशी दामोदरची दोस्ती झाली. तो मुलगा म्हणजे नॉर्बर्ट वीनर, सायबरनेटिक्सचा पुढचा जनक. गणितातली ‘वीनर प्रोसेस’ तुम्ही शिकला असाल तर तोच हा.

१९२२ मध्ये वडील आणि बहीण परतले, दामोदर शाळेसाठी तिथेच राहिला. पंधरा वर्षांचा मुलगा, परक्या देशात. आणि १९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. शाळेत हुशार, स्काउट, शेजारपाजारचा लाडका, हे सगळं ठीक. पण कायद्यानं तो तिथला कधीच होणार नव्हता. १९२४ मध्ये तो भारतात आला, १९२६ मध्ये वडिलांबरोबर पुन्हा गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन बाहेर पडला.

धर्मानंदांचा पाय मधल्या काळात कुठेच टिकत नव्हता. अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, मग १९२६–२७ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्ड, १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवायला. परत आले ते मीठ सत्याग्रहात उतरायला, आणि तुरुंगात गेले. १९३१–३२ मध्ये चौथा आणि शेवटचा केंब्रिज मुक्काम. तोवर लॅनमन निवृत्त झाले होते. काम पुरं झालं.

पुरं झालं, पण छापलं गेलं नाही. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून कोसंबींनी आपली स्वतःची देवनागरी आवृत्ती काढली. ही मला फार आवडणारी चाल आहे. भांडत बसले नाहीत. ज्या लिपीत मराठी, हिंदी वाचणाऱ्याला पाली थेट वाचता येईल त्या लिपीत ग्रंथ छापून मोकळे झाले. शिवाय मराठी वाचकासाठी ‘भगवान बुद्ध’ लिहिलं, ते आजही पुस्तकांच्या दुकानात मिळतं. त्याआधी परळला कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला होता. हार्वर्डच्या ग्रंथालयातला आणि परळच्या चाळींमधला हा एकच माणूस आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. गिरणगावात पाली नेण्याची कल्पना, यंत्रमागांच्या गावात राहणाऱ्या मला, जरा जास्तच जवळची वाटते.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, स्वेच्छेनं अन्न सोडून, ते गेले.

हार्वर्डचं ‘विसुद्धिमग्ग’ १९५० मध्ये आलं. ओरिएंटल सीरिज, खंड ४१, रोमन लिपीत. पहिल्या पानावर संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन यांचं नाव, वॉरनना जाऊन ५१ वर्षं झालेली. त्याखाली, ‘सुधारून घेणारे’ अशा अर्थाच्या शब्दांत, धर्मानंद कोसंबी.

दामोदरनं त्या काळात फर्ग्युसनमध्ये, म्हणजे वडिलांच्याच जुन्या कॉलेजात, गणित शिकवलं. १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, त्यासाठी रोज पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबई. त्यात जुनी नाणी वजन करून त्यांच्या झिजेवरून संख्याशास्त्रानं कालक्रम लावायचा उद्योग, तो तर एका वेगळ्या पोस्टचा विषय आहे. आणि जोडीला पोथ्या. वडिलांसारख्याच, ताडून बघायच्या, पाठ ठरवायचे.

त्याच हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा पुढचा खंड, ४२ वा, १९५७ मध्ये आला. विद्याकर नावाच्या बौद्ध पंडितानं जमवलेला संस्कृत सुभाषितांचा संग्रह, ‘सुभाषितरत्नकोश’. पहिल्या पानावर संपादक म्हणून दोन नावं आहेत. दुसरं वा. वि. गोखले यांचं. पहिलं डी. डी. कोसंबी.