एक अँटेना, चार बिऱ्हाडं

आपण शाळेत होतो तेव्हाच्या पुण्यातल्या गच्च्या आठवा. बहुतेक अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं.

सुरुवातीला अख्ख्या वाड्यात टीव्ही एकच असे. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, हळूहळू रंगीत संच घरी आले, आणि जुने कृष्णधवल संच आतल्या खोलीत किंवा शेजारी गेले. टीव्ही वाढले, अँटेना मात्र एकच!

सोपा उपाय म्हणजे वायरीला फाटा मारायचा. पण तसं केलं की चित्रात सावल्या यायच्या, कारण जोड नीट जुळला नाही तर सिग्नल तिथूनच उलटा फिरतो. त्यासाठी स्प्लिटर हवा. तो जोड जुळवतो, पण सिग्नल वाढवत नाही. दोघांत वाटला तर प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमी, चौघांत पाव भागाहून कमी.

आमच्या वाड्यात हेच गणित भांडणापर्यंत गेलं. तीन बिऱ्हाडांनी वर्गणी काढली होती. चौथ्या घरी एकट्या आजी. संच कुणीतरी दिलेला, वर्गणीला पैसे नाहीत. त्यांना जोड दिला तर आपल्या पडद्यावर मुंग्या येतील, असं एकाचं म्हणणं. ‘रामायण’ सुरू झालं होतं, १९८७ साल. शेवटी माझे काका म्हणाले, “मुंग्या आल्या तर सगळ्यांकडे येऊ देत.” आजींना जोड मिळाला.

मुंग्या आल्याच. मग बूस्टर आणला. तो टीव्हीजवळ न लावता वर, अँटेनाच्या काठीवर लावला. लांबलचक वायरीत सिग्नल क्षीण झाल्यावर बूस्टर लावला तर त्यात मिसळलेली खरखरही वाढते. वाटणीच्या आधी बळ द्यायचं, हे मी इंजिनिअरिंगला पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवं नव्हतं.

१९९०च्या दशकात केबलवाल्यांनी गल्लोगल्ली हेच मोठ्या प्रमाणावर केलं: एक डिश, मध्ये बूस्टर, घरोघरी फाटे. १९९५मध्ये त्यासाठी कायदाही झाला. गच्चीवरच्या अँटेना गंजून गेल्या.

स्नेहमेळाव्याला येताना पेठांतल्या जुन्या छपरांकडे एकदा पाहा. एखादी उरली असेल, तर तिच्या दांड्या कुठे रोखलेल्या आहेत ते मुलांना दाखवा.