टर्कीविना थँक्सगिव्हिंग

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी काही अमेरिकी घरांत मुलांपुढे मका, घेवडा व भोपळ्याचे साधे, पूर्णतः वनस्पतिजन्य ताट येते. ‘टर्कीविना कसला सण?’ हा आक्षेप ठरलेला. मग पुरावा पाहू.

प्लिमथच्या १६२१ मधील मेजवानीचे वर्णन एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. त्यात पाच हरणे आहेत, रानपक्षी आहेत. टर्कीचे नाव नाही. (म्हणून ती मेजवानी शाकाहारी ठरत नाही, हेही खरे!) सारा हेल यांच्या १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत मात्र टर्की मेजाच्या अग्रस्थानी विराजमान आहे.

विन्स्लोने दिलेला शेतीचा तपशील मला अधिक बोलका वाटतो. वीस एकरांतला मका साधला. वाटाणा फुलोऱ्यातच करपला. मक्याची लागवड वसाहतकारांना शिकवली टिस्क्वांटमने. त्याचे पटक्सेट गाव काही वर्षांपूर्वीच साथीत निर्मनुष्य झाले होते आणि प्लिमथ वसले ते त्याच जागी. ‘हा मका कुणाचा?’ असे मुलांनी विचारल्यास पटक्सेट वगळून उत्तर देता येणार नाही. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून अनेक मूलनिवासी हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात.