माग आणि शीव

सर्व्हरच्या ट्रेस फाईलला मराठीत काय म्हणायचं? मी ‘माग’ म्हणतो. का, ते सांगतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखावर कंपनी सरकारला अहवाल दिला. आमचं मिरजगाव याच मुलखातलं. अहवालात गावच्या राखणदाराचं काम सांगितलंय. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावापर्यंत नेऊन तिथल्या राखणदाराची खात्री पटवली की हा सुटला. पुढचा माग त्या गावाने काढायचा. जिथपर्यंत माग स्पष्ट लागला, त्या शेवटच्या गावाने चोरीची भरपाई द्यायची.

म्हणजे ‘आमच्याकडे चोर नाही’ एवढं म्हणून भागत नसे. माग शिवेबाहेर गेलेला दाखवावा लागे, आणि तो शेजाऱ्याला पटावा लागे. यात अन्यायही होता. पुढे माग पुसला गेला तर निर्दोष गावाला भुर्दंड.

आता आमची गोष्ट. मागे एका शुक्रवारी रात्री ऑर्डरची सिस्टीम अडकली. फोनवर चार टीम. वेब सर्व्हरवाले, नेटवर्कवाले, डेटाबेसवाले, सगळे म्हणतात, ‘आमच्याकडे ओके आहे’. ॲप्लिकेशन सर्व्हर आमचा. मीही तेच म्हटलं, जरा जोरातच.

शेवटी दहा मिनिटांसाठी ट्रेस चालू केला. (जास्त वेळ ठेवला तर सर्व्हर मंदावतो, डिस्क भरते.) एकच रिक्वेस्ट धरली आणि दोन्हीकडच्या फाईलींतल्या वेळा शेजारी मांडल्या. रिक्वेस्ट आमच्याकडे आल्यावर तीस सेकंद नुसती उभी. डेटाबेसकडे गेल्यावर काम क्षणात संपलं. आमचाच एक रिपोर्ट कनेक्शन घेऊन परत देत नव्हता, म्हणून बाकीचे रांगेत. माग आमच्या शिवेतच थांबला होता. डेटाबेसवाल्यांची माफी मागितली.

एका मशीनवर माग काढणं जुनंच आहे. १९५१ मध्ये स्टॅन्ली गिलने केंब्रिजच्या एडसॅक संगणकावरच्या चुका शोधायच्या पद्धतींवर निबंध लिहिला होता. अनेक सर्व्हरवर पसरलेल्या कामासाठी गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’ची माहिती प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक रिक्वेस्टला एक ओळखक्रमांक, तो पुढच्या सर्व्हरकडे सोपवायचा. शिवेवर माग सोपवण्याचाच प्रकार!

असो. हल्ली ‘आमच्याकडे ओके आहे’ म्हणायच्या आधी मी फाईल उघडतो.