छावणी आणि सायकल

अकोल्यात सिंधी कॅम्प, अमरावतीत रामपुरी कॅम्प असं आपण आजही सहज म्हणतो. पण नावात ‘कॅम्प’ का, हे विसरतो. १९४७च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही वसली. छावणीत छप्पर मिळतं, धान्य मिळतं. गिऱ्हाईक मात्र गावात असतं. कापडाचं गाठोडं डोक्यावरून कॅरिअरवर आलं, की दोन गल्ल्यांची फेरी चार गावांची होते. १९५६ मध्ये लुधियानात हिरो सायकल काढणारे मुंजाल बंधूही मूळचे कमालियाचे. ते गाव आज पाकिस्तानात आहे. म्हणून निर्वासिताला जुनी सायकल देणं, याला आपण नुसतं दान म्हणू नये. धान्य घेणारा रांगेत उभा राहतो. सायकलवाला आपल्या वेळेला निघतो. मग ‘कॅम्प’ पत्त्यापुरताच उरतो.