तिसरं भोक

मनोरच्या आमच्या घरी फ्रिज उघडायची एक पद्धत आहे. (होती म्हणायला हवं आता.) आधी पायात चपला घालायच्या, मग हात कोरडा पुसायचा आणि मग दांडी धरायची. फ्रिजशेजारी त्यासाठी रबरी स्लिपरचा एक जोड कायम पडलेला असायचा. नवीन पाहुणा आला की आई ओट्यापाशी उभी राहूनच ओरडायची, "चप्पल घाला हो, तो जरा झिणझिण करतो!" घरचं कुत्रं भुंकतं पण चावत नाही, हे जसं सांगतात ना, अगदी त्याच सुरात.

मी ही गंमत मागे इथेच लिहिली होती. तुम्ही सगळे हसलात. पुण्याच्या मावशीने तर आमचा गिझरही त्याच घराण्यातला आहे असं कळवलं होतं. ते लिखाण मी परवा काढून टाकलं. का ते सांगतो.

यंदा जुलैत दादाची चिऊ (वय वर्षं नऊ) पावसात भिजून घरात आली. अनवाणी, ओल्या फरशीवर. सरळ जाऊन तिने फ्रिजची दांडी धरली. ती ओरडली नाही. दादाने मला फोनवर हे तीन वेळा सांगितलं, की ती ओरडली नाही रे. वहिनीला वाटलं, काय खावं याचा विचार करत उभी आहे. दादाचं लक्ष तिच्या ताठलेल्या कोपराकडे गेलं. नशिबाने तो तिला धरायला धावला नाही, पडवीत धावला आणि मेन स्विच खाली ओढला. तेव्हा ती कोसळली. पालघरला नेलं, रात्रभर दवाखान्यात ठेवली, हृदयाचा आलेख काढला. आता ठीक आहे. तीन बोटांवर पांढरट डाग आहेत आणि स्वयंपाकघरात जाताना ती अजून समोरच्या भिंतीला घासून जाते.

पुढच्या शनिवारी मी मनोरला गेलो. दादाच्या वर्गातला एक वायरमन आला होता. त्याने आधी फ्रिज पुढे ओढला. मागे कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर वर्षानुवर्षं थरथरून पत्र्याच्या कडेला घासत होती. आधी आवरण पातळ झालं असणार, ती आमची झिणझिण. या पावसाळ्यात ते पुरतं गेलं. मग त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला. थ्री-पिन सॉकेटच्या तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकाला मागून हिरवी वायर व्यवस्थित कसलेली होती. त्याने ती हलकेच ओढली, तर वीतभर तुकडा हातात आला. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"काकू, हे नुसतं दाखवायला आहे," तो आईला म्हणाला.

मला कुठलीही गोष्ट मुळापासून खणायची खोड आहे, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. पुढचे दोन दिवस मी माळ्यावरच्या ट्रंकेत घालवले.

आजोबांच्या हिशेबाच्या वहीत १९७४ सालाखाली एक ओळ आहे: "लाइट फिटिंग. बत्ती पाच, प्लग एक." बस, एवढंच. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन होऊन (जून १९६०) तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत होतं. तिथे अणू फोडून पाणी उकळत होते आणि इथे आजोबांच्या घरात पाच पिवळे बल्ब! लहानपणी तारापूरची भीती सगळ्यांना वाटायची, पाहुणे हमखास विचारायचे, "तुम्हाला भीती नाही वाटत का हो?" स्वयंपाकघरातल्या प्लगबद्दल मात्र कधी कोणी विचारलं नाही.

त्या पहिल्या फिटिंगचे अवशेष माजघरात अजून आहेत. भिंतीवर सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबून बसवलेल्या दोनच वायरी, लाकडी बोर्ड, काळी गोल बटणं आणि चिनी मातीचा फ्यूज, ज्याला सगळे किटकॅट म्हणतात. फेज आणि न्यूट्रल, दोनच. खरं सांगायचं तर त्या घराला तिसऱ्या वायरीची फारशी गरजही नव्हती. बल्ब आढ्याला, त्याला कोण हात लावणार? बोर्ड लाकडाचा, बटण बॅकेलाइटचं, प्लगवर चालणारा एकुलता एक रेडिओ, त्याचीही पेटी लाकडी. हात लागेल असा धातूच कुठे नव्हता.

धातू नंतर आला. इस्त्री, मिक्सर, पंप, मग १९८८ साली फ्रिज. घर विजेसाठी नव्हे, उजेडासाठी वायरिंग केलेलं, आणि त्याच्यावर एकेक यंत्र चढत गेलं. ही काही फक्त आमची कथा नाही. मनोरच्या आसपासच्या पाड्यांवर तर ती उशिरा सुरू झाली आणि जास्त घाईत घडली. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली, ती गरीब घराला एक दिव्याचा एक पॉइंट देणारी. कुडाच्या भिंतीत एक होल्डर. पण घरात वीज आली की ती एका बल्बवर थांबते होय? होल्डरला अडकवायचा प्लग बाजारात मिळतोच. त्यावर टीव्ही, पंखा, चार्जर, सगळं. त्या होल्डरला दोनच टोकं असतात, तिसरं असायची सोयच नाही.

आता या तिसऱ्या भोकाची वंशावळ सांगतो, कारण ती मला भलतीच रंजक वाटली.

आपली गोल पिनांची थ्री-पिन मूळची इंग्लंडची. तिकडचं बीएस ५४६ हे मानक १९३४ सालचं. पाच अँपिअरची लहान, पंधरा अँपिअरची मोठी. आपण आजही ज्याला "पॉवर प्लग" म्हणतो तो त्यातला मोठा. यातली वरची पिन जाड आणि लांब असते. का, असं विचारलं तर आपल्याकडे हुशार मुलं सांगतात की जाड पिनेचा रोध कमी, म्हणून. (मीही तोंडी परीक्षेत हेच सांगून गुण मिळवलेत.) खरं कारण साधं आहे. जाड अशासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. म्हणजे यंत्रात वीज शिरायच्या आधी पहारेकरी जागेवर हजर!

इंग्रजांनी मात्र स्वतः ही पिन सोडून दिली. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, युद्धानंतर बांधायच्या घरांत वीज कशी असावी यावर तिकडे एक समिती बसली. त्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट ही एकटी बाई होती. गृहिणींना विजेची ओळख करून देणाऱ्या संघटनेचं काम ती अनेक वर्षं करत होती. लहान मुलाचं बोट किंवा सुई भोकात जाऊ नये, हा आग्रह तिचा मानला जातो. त्यातून १९४७ मध्ये नवा चौकोनी पिनांचा प्लग आला. प्लगच्या पोटातच फ्यूज, आणि खालच्या दोन भोकांवर झडप. लांब अर्थ पिन आधी आत गेल्याशिवाय ती झडप उघडतच नाही. १९४७! म्हणजे जाता जाता साहेबाने स्वतःच्या घरचा प्लग बदलला आणि जुना आपल्याकडे राहिला. पुढे आपल्या मानकानेही गोल पिनाच चालू ठेवल्या. गोल पिनेत मुळात वाईट काही नाही म्हणा. पण आपल्याकडे तिच्या भोकांत काय काय खुपसतात! प्लग नसला की वायरीची टोकं सोलून भोकात घालायची आणि आगकाडीने पाचर मारायची. गणपतीच्या आराशीत मी स्वतः हे केलंय, आणि तेही दरवर्षी.

"पण फ्यूज होता ना रे आपल्याकडे?" आईचा प्रश्न. मलाही आधी तेच वाटलं होतं.

फ्यूज वायरीसाठी असतो, माणसासाठी नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरहून बराच जास्त प्रवाह गेल्याशिवाय वितळत नाही. शंभर वॉटचा बल्ब जेमतेम ४३५ मिलिअँपिअर घेतो, आणि माणसाचं हृदय बंद पडायला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही प्रवाह पुरतो. म्हणजे फ्यूजच्या लेखी मरणारा माणूस हा एका बल्बपेक्षा लहान भार. अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातात तारा देऊन मोजलं होतं, किती प्रवाहानंतर माणसाला हात सोडवता येत नाही. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास निघाली, बायकांची त्याहून कमी.  आपण "करंटने चिकटवलं" म्हणतो ते हेच. वीज ओढून धरत नाही, आपलेच स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. छातीचे आखडले तर ओरडताही येत नाही. दादाची ती तीन वेळा सांगितलेली गोष्ट मला इथे कळली.

याच डॅल्झिएलने १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे आता त्याच जातीचं आरसीसीबी मिळतं. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते सारखा तोलत असतं. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून वा भिंतीतून पळतेय, की खट्. आणि तिसरी वायर नीट असती तर फ्रिजचा पत्रा जिवंत झाल्याक्षणी सगळा प्रवाह तिच्यातून जमिनीत धावला असता आणि आमचा म्हातारा फ्यूजसुद्धा उडाला असता. चिऊ घरात यायच्या आधीच.

मग ती वायर का नव्हती? इथपर्यंत मी मनातल्या मनात त्या कंत्राटदाराला भरपूर शिव्या दिल्या होत्या. १९९६ साली बाबांनी मागे स्वयंपाकघर वाढवलं, भिंतीतून पाइप घालून वायरिंग केलं, तेव्हाचा तो. मग ट्रंकेत त्याचं अंदाजपत्रक सापडलं. पिवळा पडलेला कागद, एकेक ओळ. बल्ब पॉइंट, पंखा पॉइंट, पॉवर पॉइंट. शेवटून दुसरी ओळ: "अर्थिंग खड्डा, पाइप, कोळसा, मीठ, सर्व पॉइंटना अर्थ वायर." त्या ओळीवर निळ्या शाईची आडवी रेघ. बाजूला बाबांच्या अक्षरात, "सध्या नको."

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो. बाबा काही बेफिकीर माणूस नव्हते. सायकलची घंटा वाजत नसेल तर शाळेत जाऊ द्यायचे नाहीत. पण त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं होतं, पैशाची ओढाताण होती, आणि यादीत कापण्यासारखं काय होतं? पंखा कापला तर उकडणार, बल्ब कापला तर अंधार. ही एकच ओळ अशी होती की कापली तरी कुणाला काही कमी दिसणार नव्हतं. देशात अर्थिंगची संहिता १९६६ पासून होती. १९५६ च्या वीज नियमांत तर जोडलेल्या वायरिंगची पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी असंही होतं. आमच्या घरी तशी तपासणी झाल्याचं कुणाला आठवत नाही, आणि आम्हीही कधी कुणाला बोलावलं नाही. आम्ही चपला ठेवल्या.

आईला तो कागद दाखवावा की नाही, यावर दादाचं आणि माझं एकमत झालं नाही. शेवटी दाखवला. तिने चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्यांना, मंगळसूत्राचं आधी बघा."

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं जातात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत हे आकडे असतात. शेतातले पंप, खांब, तुटलेल्या तारा, कारखाने आणि घरं, सगळे मिळून. त्यातल्या किती घरांत फ्रिजशेजारी चपला असतील, त्याची नोंद कुठे होणार!

असो. काम आता होत आलंय. तुळशीच्या मागे खड्डा खणला, खाली पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. भिंती फोडून नव्या तांब्याच्या तीन-तीन वायरी घातल्या. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरींना १९९६ मध्ये तांब्याच्या नुसत्या पिळून काळी टेप मारली होती. ते जोड उघडले तर टेप जळून खडखडीत झालेली, म्हणजे तिथे आणखी एक वेगळीच कथा शिजत होती. माजघरातली सागवानी पट्टी काढू नका, अशी ताईने अमेरिकेहून विनंती केली, म्हणून ती ठेवली, पण तिच्यात आता वीज नाही. वायरमनने जाता जाता एक बजावलं, ते तुम्हालाही सांगतो: काही ठिकाणी वायर वाचवायला तिसरं भोक न्यूट्रललाच जोडून देतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण बाहेर न्यूट्रल तुटली, किंवा खांबावर दुरुस्तीत फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की घरातलं प्रत्येक यंत्र अंगावर वीज घेऊन उभं राहतं. तेव्हा बोर्ड उघडून बघायला सांगा, नुसता टेस्टर लावून नको.

नवं आरसीसीबी पडवीत बसलंय. त्यावर एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पहिल्यांदा चिऊला दाबायला सांगितलं. तिने दादाचा शर्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दाबलं. खट् झालं, घरभर अंधार झाला, आणि ती म्हणाली, "परत."

मावशी, रविवारी सकाळी फोन करतो. तोवर गिझर लावू नका, चुलीवर पाणी तापवा.