वाऱ्याची बंदूक आणि पनवेलचा ओलावा

इसवी सन १७७८ च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांस पुण्याच्या मसनदीवर बसविण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांची फौज आपल्या तोफा, बैल आणि दारूगोळ्याच्या लवाजम्यासह पनवेलच्या बंदरात उतरली, आणि तेथून बोरघाट चढून, कार्ल्यापाशी ज्यास मराठ्यांनी ‘इष्टूर फाकडा’ हे नाव बहाल केले त्या स्टुअर्टास गमावून, पुढल्याच जानेवारीत वडगावी नामुष्कीचा तह पत्करती झाली, ही हकीकत मराठी वाचकांस सुपरिचित आहे. परंतु ही मोहीम, किंवा आपल्याकडील बहुतेक सर्वच मोहिमा, दसरा उलटल्यावरच का निघत, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण नद्यांचा उतार आणि घोड्यांची वैरण यांचा निर्देश करतो व तिसरे कारण विसरतो. ते कारण म्हणजे ओलावा. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण असलेली बंदुकीची दारू दमट हवेत निर्जीव होते, तोड्याची बत्ती विझते, आणि सरकारी कोठारातील सारा सरंजाम हजेरीत रुजू असूनही बरकंदाजाच्या हाती केवळ एक लांब काठी उरते.

नेमक्या याच सुमारास, पनवेलच्या बंदरास ज्याची गंधवार्ताही नव्हती अशा टिरोल प्रांतातील जिरांडोनी नावाच्या एका कारागिराने दारूवाचून चालणारी बंदूक सिद्ध केली, आणि १७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्याने तिचा स्वीकार केला. तिचा दस्ता म्हणजेच लोखंडी हवापात्र होते. ते हातपंपाने भरावयास सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत, आणि एकदा भरले की वीस-बावीस गोळ्या धूर वा जाळ न दाखविता एकामागून एक सोडता येत. पावसात ही बंदूक विझत नसे, कारण तिच्यात विझण्याजोगे काही नव्हतेच. तथापि तिचे मर्मस्थान निराळे होते. हवा कोंडून धरणारी तिची बूच-वायसरे चामड्याची असल्यामुळे ती वाळली की आक्रसत आणि हवा निसटू लागे. म्हणून ती भिजवून, फुगवून ठेवावी लागत. स्टोव्हच्या पंपातील चामडी वायसर वाळले म्हणजे दांडा कितीही हलविला तरी टाकीत हवा भरत नाही, आणि ते वायसर तेलात मुरविले की पंप पुन्हा जिवंत होतो, हा अनुभव ज्या पिढीने घेतला आहे तिला जिरांडोनीच्या बंदुकीची कैफियत अधिक विस्ताराने सांगणे नको. १८१५ च्या सुमारास ऑस्ट्रियाने ती सैन्यातून काढून टाकली. तिची निगा राखणे सामान्य शिपायाच्या आवाक्याबाहेरचे होते.

चामड्यास ओलावा हवा असतो, तसाच तो लाकडासही हवा असतो, आणि ही गोष्ट पनवेलकरांस जिरांडोनीने शिकविण्याची गरज नव्हती. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईचा माल गलबतांनी पनवेलास येऊन गाड्यांनी घाटावर चढू लागला. तेथे गाड्यांची चाके करण्याचा धंदा असा भरभराटला की इंग्रजी अमलातील गॅझेटिअरकाराने तोच या गावाचा मुख्य उद्योग म्हणून नोंदविला, आणि घाटावरच्या प्रत्येक शेतकऱ्यास पनवेली चाकांचा एक जोड आपल्यापाशी असावा असे वाटते, अशी पुस्तीही जोडली. तुंबा, आरे आणि पाटे यांची जुळणी करून त्यावर तापवून फुललेली लोखंडी धाव चढवावयाची आणि ती निवताना सर्व सांधे आवळून घ्यावयाचे, ही त्या कसबाची परमावधी होती. आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली की गाडीवान चाके पाण्यात बुडवून ठेवी व ती पुन्हा घट्ट होत. त्या काळी पनवेलात पाणी हे सांध्याचे मित्र होते.

ते शत्रू केव्हा झाले हे पाहावयाचे तर सांध्याच्या द्रव्याकडे पाहिले पाहिजे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत हवेच्या ब्रेकांवर आयुष्य वेचलेल्या निल्स क्रिस्टेन्सेन या वृद्ध यंत्रज्ञास १९३९ साली रबराच्या साध्या वाटोळ्या कड्याचे पेटंट मिळाले. खोबणीत बसविलेले ते कडे, ज्यास आज सर्वत्र ओ-रिंग म्हणतात, हवेचा दाब जितका वाढेल तितके भिंतीस अधिक चिकटते. त्यास फुगण्यासाठी पाणी लागत नाही, लागतो तो केवळ गुळगुळीत, स्वच्छ धातू. चामड्याचे राज्य गेले आणि त्याबरोबर ओलाव्याची उपयुक्तताही गेली. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटरांवरील एअर रायफलचा समावेश झाला तेव्हा नेमबाज स्प्रिंगच्या अथवा प्रत्येक नेमास एकदा दट्टा ओढावयाच्या बंदुका वापरीत. पुढे त्यांची जागा आधीच सुमारे दोनशे बारपर्यंत हवा भरून ठेवलेल्या, पीसीपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलींनी घेतली. जिरांडोनीचे हवापात्र अशा रीतीने दोन शतकांनी परतले.

पनवेलात ते परतले हेही यथोचितच झाले. २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी करणाऱ्या व त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांनी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. या खेळातील लक्ष्याचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेव्हा छर्ऱ्यामागील हवेच्या दाबात पडलेले अंतर येथे नगण्य मानता येत नाही.

आता पनवेलच्या पावसाळ्याचा हिशेब करून पाहावा. तीस अंश उष्णतेच्या व ऐंशी टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे चोवीस ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. एक लिटरच्या सिलिंडरात दोनशे बारपर्यंत हवा कोंडली म्हणजे बाहेरची दोनशे लिटर हवा आत गेली, आणि तिच्याबरोबर जवळजवळ पाच ग्रॅम पाणीही गेले. परंतु एक लिटर जागेत बाष्परूपाने जेमतेम तीन शतांश ग्रॅम पाणी मावते. बाकीचे सारे, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतके पाणी, वाटेत गाळणीने अडविले नाही तर सिलिंडराच्या तळाशी साचते. तेथे ते पोलादास गंजविते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि त्या गंजाचा एखादा कण हवेच्या झोतात उडून झडपेच्या बैठकीवर बसला की गळती सुरू होते. ज्या गावात १८७२ पासून आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर कारखाना नांदतो, त्या गावास लक्षण निराळे आणि निदान निराळे हे समजावण्याचे प्रयोजन नाही. गळती हे लक्षण होय. केवळ कडे बदलून जो थांबतो त्याचा रोग पुढल्या श्रावणात उलटतो.

लक्षणाचीही परीक्षा मात्र शांतपणे करावी. हवा भरताना सिलिंडर तापते. पंचेचाळीस अंशांवर दोनशे बार दाखविणारा काटा तीस अंशांवर निवताना काहीही न गळता एकशे नव्वदाच्या आसपास येतो, आणि उतावळा मालक त्यासच गळती समजून स्क्रू फिरवू लागतो. याकरिता भरणे सावकाश व्हावे आणि काट्याची नोंद सिलिंडर निवल्यावरच घ्यावी. त्यानंतर सिलिंडर उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने रायफलपासून वेगळे करून रात्रभर ठेवावे: सकाळी दाब उतरलेला असेल तर दोष सिलिंडराच्या झडपेत, दाबमापकात वा त्यांच्या कड्यांत, न उतरला असेल तर तो रायफलीत. सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडा चोरीचा मार्ग दाखवितो. नळीच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर मुख्य झडपेची बैठक खराब समजावी. आणि विश्रांतीनंतरचा पहिलाच छर्रा सतत इतरांहून निराळा जात असेल तर छर्ऱ्यामागील दाब एकसारखा राखणारा रेग्युलेटर आतल्या आत हवा झिरपवीत आहे असा संशय घ्यावा. कड्यांस सिलिकॉनचे वंगण लावावे. खनिज तेल कदापि लावू नये, कारण दाबलेल्या तप्त हवेत ते पेट घेऊ शकते. दाब पूर्ण उतरविल्यावाचून एकही स्क्रू सैल करू नये, झडप उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, आणि ज्याची मुदत संपली आहे असे सिलिंडर दुरुस्त न करता टाकून द्यावे.

ओलाव्याचा बंदोबस्त याहून सोपा, परंतु अधिक नियमाचा आहे. कॉम्प्रेसरचे पाणी दर थोड्या मिनिटांनी सोडावे, भरावयाची हवा शोषक रसायनाच्या गाळणीतूनच घ्यावी, दमट दिवशी साध्या हातपंपाने भरणे टाळावे, आणि बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून सिलिंडर अगदी रिते करून कधी ठेवू नये. ज्या गावाने एके काळी सांधे घट्ट करण्यासाठी चाकांस पाणी पाजले, त्या गावातील आजच्या नेमबाजाने ते सांध्यांपासून दूर ठेवावयाचे आहे; पाणी तेच आहे, सांध्याचे द्रव्य तेवढे बदलले. म्हणून मृगाचा पहिला पाऊस गाढी नदीवर कोसळण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गाळणीतील रसायन बदलून घ्यावे.