लाकडी बॉडीच्या मोटारीचे कूळ

पलूसनजीक कुंडल रोड स्थानकाशेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना थाटला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. स्थानकाचेच नाव धारण करणाऱ्या एका मोटारीचे कूळ मात्र आम्हां सुतार समाजालाही फारसे परिचित नाही. आगगाडीचे उतारू व त्यांचे सामान नेणारी, म्हणून ती ‘स्टेशन वॅगन’. चासी लोखंडी, बॉडी लाकडी. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1929 साली ती स्वतः विक्रीस आणली. लाकूड मिशिगनमधील तिच्याच रानांतले.

अशी गाडी आज आढळल्यास मूळ कसे शोधावे? चासीवरील क्रमांक लोखंडाचे वय सांगतो, बॉडीचे नव्हे. कारण कुजलेले लाकूड बदलले जाई, आणि पुष्कळ चासी तर उघड्याच विकल्या जात. म्हणून आमच्या मते आधी लाकूड पाहावे. मेपल व बर्च असल्यास बॉडी बहुधा अमेरिकन, ॲश असल्यास विलायती किंवा अमेरिकनही असू शकते. साग निघाला, तर येथील सुताराचा हात मानण्यास जागा आहे. कंपनीचे नाव पितळी पट्टीवर असते, सुताराचे सहसा कोठेच नसते!

ज्यांच्या वाडवडिलांनी मोटारींच्या बॉड्या बांधल्या असतील, त्या कुटुंबांनी आपल्या आठवणी मंडळाकडे अवश्य लिहून धाडाव्यात.